सहा भोकं, पंचवीस सूर

मुलांनो, आज आधी कोडं. आजीच्या पेटीवर पट्ट्या किती? मोजा बघू. काळ्या-पांढऱ्या मिळून चाळिशीच्या आसपास भरतील. तिथं एक पट्टी म्हणजे एक सूर, सगळा रोखीचा व्यवहार. आता ही बासरी घ्या. फुंकायचं भोक सोडून बाकीची किती? सहा. दर भोकाला एक सूर धरला तर सहा झाले. सगळी झाकून निघतो तो एक मिळवला तर सात. मग बासरीवाले बुवा दोन सप्तकं फिरून येतात ते कशाच्या जोरावर? बाकीचे सूर त्यांनी कुठून आणले?

धाकटी म्हणते, "जोरात फुंकून." थोरला म्हणतो, "भोक अर्धंच झाकून." शाबास, दोघांचंही बरोबर. पण एवढ्यानं मी सोडणार नाही. जोरात फुंकलं तर सूर मोठा व्हायला हवा, तो उंच का होतो? आणि बासरी खाली कुठवर जाते, वर कुठवर जाते, ही हद्द कोण ठरवतं? ऐका तर मग.

पहिली गोष्ट म्हणजे बासरीत बांबू वाजत नाही. वाजते ती बांबूच्या आतली हवा. तबल्यात कातडं थरथरतं, सतारीत तार थरथरते. बासरीत थरथरायला हवेशिवाय काहीच नाही. म्हणून तर बासरी बांबूची होते, चांदीची होते आणि नळकामाच्या प्लॅस्टिक पाइपचीही होते.

आता फुंकर मारल्यावर काय होतं ते बघा. ओठांच्या फटीतून हवेची पातळ धार निघते आणि भोकाच्या पलीकडच्या काठावर आपटते. काठापाशी ती स्थिर राहत नाही. क्षणात नळीत घुसते, क्षणात बाहेर निसटते. आत घुसली की तिथल्या हवेवर दाब पडतो आणि तो दाब नळीतून पुढं धावत सुटतो. हवा धावत नाही हं, धावतो तो दाब. हवा जागच्या जागी पुढं-मागं होते, इतकंच. 20 अंश तापमानाला हा दाब सेकंदाला 343 मीटर पळतो. नळीच्या उघड्या टोकाला पोचला की बाहेरच्या मोकळ्या हवेत तो मोकळा होतो, आणि त्याच्या जागी कमी दाबाची लाट उलटी फिरून तोंडाकडे येते. ती आली की ओठांपाशी अडखळणारी धार पुन्हा आत ओढली जाते. झाला नवा दाब, निघाली नवी फेरी. म्हणजे धार कधी आत घ्यायची नि कधी बाहेर सोडायची, याचा ठेका नळीच धरते.

आता गणित करू. मैफलीतल्या मोठ्या बासरीत हवेची लांबी 70 सेंटिमीटर धरा. जाऊन-येऊन झाली 140. सेकंदाला 343 मीटर, म्हणजे 34300 सेंटिमीटर. भागा. किती आले? 245. एका सेकंदात 245 फेऱ्या! कानाला त्या सुट्या कळत नाहीत, एक अखंड सूर ऐकू येतो. फेऱ्या वाढल्या की सूर चढतो, घटल्या की उतरतो. पांढरी तीनच्या मोठ्या बासरीचा सगळ्यात खालचा सूर सेकंदाला 247 कंपनांचा, म्हणजे आपलं गणित दोन फेऱ्यांनी चुकलं. चालेल.

पण मोजपट्टी लावलीत तर फुंकायच्या भोकापासून टोकापर्यंत 70 भरणार नाहीत, पाच-सहा सेंटिमीटर कमी पडतील. कारण दाब अगदी टोकावर वळत नाही, जरासा बाहेर डोकावून मगच वळतो. तोंडाकडेही तसंच. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता भोकांकडे या. सहाही भोकं झाकली की लाट टोकापर्यंत जाते, सूर निघतो मंद्र सप्तकातला पंचम. टोकाकडचं एक भोक उघडा. लाटेला वाटेतच मोकळी हवा भेटली, ती तिथूनच मागं फिरली. वाट तोकडी झाली, फेऱ्या वाढल्या, धैवत आला. दोन उघडा, निषाद. तीन उघडा, षड्ज. म्हणजे बासरीचा सा सगळी बोटं टेकवून निघत नाही, अर्धी उचलून निघतो. चार उघडली की ऋषभ, पाच उघडली की गंधार आणि सहाही उघडली की तीव्र मध्यम. झाले सात.

आता थोरल्याची अर्धी भोकं. भोक अर्धंच उघडलं की लाटेला पुरती मोकळीक मिळत नाही. ती आणखी थोडी पुढं जाऊन वळते, म्हणून सूर पुऱ्या उघड्या भोकापेक्षा खाली राहतो. धैवताचं भोक अर्धं ठेवा, कोमल धैवत. त्याच रीतीनं कोमल निषाद, कोमल ऋषभ, कोमल गंधार आणि शेवटच्या भोकावर शुद्ध मध्यम. हे झाले पाच. भोकं सहा असून अर्धे सूर पाचच का? कारण नि आणि सा यांच्यामध्ये पेटीवरही पट्टी नसते. तिथलं भोक अर्धं करायची वेळच येत नाही. सात आणि पाच, बारा. पेटीच्या एका सप्तकात जेवढ्या पट्ट्या, तेवढे सगळे सूर सहा भोकांतून निघाले. एक कमी नाही, एक जास्त नाही.

सगळी भोकं उघडून झाली. आता पुढचा पंचम कसा काढायचा? इथं धाकटीचा जोर कामाला येतो. सगळी भोकं पुन्हा झाका आणि फुंकर बदला. पंचमच येईल, पण वरच्या सप्तकातला.

का, ते सांगतो. तुम्ही शाळेत दोरीवरच्या उड्या मारता. दोघी टोकं धरतात, मधे दोरीचं एकच मोठं पोट फिरतं. मनगटं बरीच जलद फिरवली की दोरीची दोन पोटं होतात आणि मधला एक ठिपका जागचा हलत नाही. आणखी जलद फिरवली तर तीन होतील. पण दीड पोट करून दाखवा म्हटलं, तर सात जन्मांत जमणार नाही. नळीतल्या हवेचं अगदी असंच आहे. तिला एक खेप चालते, दोन चालतात, तीन चालतात. फुंकर पुरेशी जलद झाली की पहिला दाब परत यायच्या आत दुसरा सुटतो, नळीत एकाच वेळी दोघे पळू लागतात आणि सेकंदाला 247 च्या जागी 494 कंपनं होतात. कंपनं दुप्पट झाली की आपला कान म्हणतो, सूर तोच, फक्त एक सप्तक वर.

मग काय, तीच सहा भोकं पुन्हा एकेक करून उघडा, अर्धी करा. आणखी बारा सूर तयार. बारा आणि बारा चोवीस, आणि वर टोकाला तार सप्तकातला पंचम धरला की पंचवीस. कोडं सुटलं.

पण बासरीची खरी गंमत अजून पुढं आहे. सगळी भोकं झाकलेली ठेवा, बोट हलवू नका आणि फुंकर वाढवत न्या. पहिला सूर मंद्र पंचम, 247. दुसरा मध्य पंचम, 494. तिसरा? तिप्पट, म्हणजे 741. हा काही पंचम नव्हे, हा तार सप्तकातला ऋषभ. चौथा चौपट, 988, पुन्हा पंचम. प, प, रे, प. बोटांनी काही केलं नाही, तरी एका नळीत चार सूर दडलेले निघाले. ते कुणी कारागिरानं घातलेले नाहीत. दोन्ही बाजूंनी उघड्या कुठल्याही नळीच्या पोटात ते असतातच.

दोन्ही बाजूंनी उघड्या, हे महत्त्वाचं. छोटी बासरी घेऊन सगळी भोकं झाका आणि दुसऱ्याला तिचं टोक तळव्यानं बंद करायला सांगा. हलकेच फुंकलंत तर सूर जवळजवळ सप्तकभर खाली कोसळतो. बंद टोकावरून दाब मोकळा न होता दाब म्हणूनच परततो, त्यामुळं एक कंपन पुरं व्हायला त्याला दोन फेऱ्या माराव्या लागतात. वरातीच्या बँडमधलं क्लॅरिनेट आठवा. ते तोंडाच्या बाजूनं बंद असतं. पाश्चात्त्य बासरी आणि क्लॅरिनेट शेजारी ठेवली तर लांबी जवळपास सारखी; पण बासरीचा खालचा सूर 262 कंपनांचा आणि क्लॅरिनेटचा 147 चा.

आता हद्दीची गोष्ट. आधी खालची.

खाली कुठवर जायचं हे नळीची लांबी ठरवते. तिथं कुणाचा वशिला चालत नाही. भीमसेनी छाती असली तरी छोट्या बासरीतून तिच्या मापाखालचा सूर निघत नाही. मग खाली जायचं तर लांब नळी हवी, आणि ती आणायची कुठून?

माणसाला पहिली नळी दिली ती पक्ष्यांनी. पक्ष्यांची मोठी हाडं आतून पोकळ असतात. जर्मनीत होले फेल्स नावाची गुहा आहे. 2008 साली तिथं गिधाडाच्या पंखाच्या हाडाची बासरी सापडली. पाच भोकं, लांबी जेमतेम 22 सेंटिमीटर, वय सुमारे 35 ते 40 हजार वर्षं. चीनमध्ये जियाहू इथं क्रौंचाच्या हाडांच्या बासऱ्या निघाल्या, आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीच्या, आणि त्यांतली एक तर आजही वाजवता आली. पण पक्ष्याचं हाड असून असून किती लांब असणार! त्या बासऱ्यांची खोली पक्ष्याच्या पंखावर अडली.

मग बांबू आला. बांबू हे गवत, झाड नव्हे. त्याचा कोंब जमिनीतून जेवढा जाड निघतो तेवढाच शेवटपर्यंत राहतो. एका हंगामात पुरी उंची गाठतो आणि पुढं कधी जाडी वाढवत नाही. म्हणजे बासरीची पोकळी केवढी, हे कोंब मातीतून डोकं काढतो तेव्हाच ठरलेलं असतं. त्याला भोकं पाडायचं काम किडेही करतात आणि वारा आपोआप फुंकतो. कालिदासानं 'कुमारसंभवा'च्या पहिल्याच सर्गात हिमालयाला असाच बांबूंत वारा फुंकून किन्नरांच्या गाण्याला साथ करायला लावलं आहे. पण बांबूला पेरं असतात आणि प्रत्येक पेरापाशी आत पडदा. लांब बासरी हवी तर दोन पेरांमधलं अंतर लांब असलेला, पातळ सालीचा बांबू लागतो. तसला बांबू आसामात होतो. उत्तर प्रदेशात पिलीभीत हे गाव बासऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, तिथले कारागीर तो आसामातून मागवतात आणि तापलेल्या सळयांनी भोकं पाडतात. प्रत्येक नळीची पोकळी निराळी, म्हणून भोक आधी लहान पाडायचं, फुंकून ऐकायचं, मग थोडं थोडं मोठं करत सुरात आणायचं.

एवढी लांब नळी मिळत असून आपल्याकडची बासरी बराच काळ छोटीच राहिली. गुराख्याला रानात लांबवर पोचणारा सूर हवा, त्याला छोटी बासरी बरी. कमरेला खोचता येते, वर टोकदार वाजते. पण ख्यालाचा आलाप छोट्या बासरीवर करायचा म्हटलं तर तो सुरू व्हायच्या आधीच वरच्या मजल्यावर पोचलेला असतो. मंद्र सप्तकात ठाण मांडून बसायला तिच्यात जागाच नाही.

ही जागा केली पन्नालाल घोष यांनी. त्यांचा जन्म 1911 चा, आता बांगलादेशात असलेल्या बारिसालचा. 1940 च्या सुमारास ते मुंबईला आले, चित्रपटांना संगीत दिलं आणि त्याच जोडीनं बासरीवर नाना प्रयोग केले. वेगवेगळ्या लांबीच्या, वेगवेगळ्या पदार्थांच्या नळ्या करून पाहिल्या आणि शेवटी 32 इंचांच्या आसपासच्या बांबूवर स्थिरावले. लांबी वाढली आणि बासरीला मंद्र सप्तक मिळालं. त्यांनी टोकाकडे सातवं भोकही जोडलं, त्यामुळं पंचमाच्याही खाली तीव्र मध्यमाला जाता आलं. 1960 साली ते गेले, पण तोवर रानातली बासरी ख्यालाच्या मैफलीत मानानं बसली होती.

मग 32 इंचांवरच का थांबले? 50 इंचांची का नाही केली? आपला तळवा पसरा बघू. बोटं किती ताणली जातात? नळी लांबली की भोकंही एकमेकांपासून दूर जातात, आणि हवेच्या गणितानं जिथं पडायला हवीत तिथं बोट पोचत नाही. मोठी बासरी वाजवणारे बोटांच्या टोकांनी भोकं झाकत नाहीत, बोटं आडवी, सपाट टेकवतात, तेव्हा कुठं ती पोचतात. खालची हद्द आधी पंखावर अडली होती, मग पेरावर, आता ती माणसाच्या पंजावर येऊन अडली.

हीच अडचण दुसऱ्या एका माणसाला पन्नालालजींच्या आधी शंभरेक वर्षं भेटली होती. म्युनिकचे थिओबाल्ड ब्योम. घराण्याचा धंदा सोनाराचा, स्वतः दरबारी वाद्यवृंदात बासरीवादक. 1831 साली लंडनला त्यांनी चार्ल्स निकोल्सन या वादकाला ऐकलं. निकोल्सनच्या बासरीला भोकं मोठी होती आणि सूर भरदार निघत होता. ब्योमना ते झोंबलं. भोकं मोठी हवीत आणि ध्वनिशास्त्र सांगेल तिथंच हवीत. बोटं पोचत नसतील तर बोटांची सोय आपण करू, असं त्यांनी ठरवलं. सोनाराचा हात होताच. 1832 साली त्यांनी भोकांवर कड्या आणि चाप बसवलेली बासरी केली, आणि 1847 साली धातूच्या सरळ नळीची. बोट इथं दाबायचं, झाकण तिथं बसायचं. आज जगभरच्या वाद्यवृंदांत वाजते ती मुख्यत्वे ब्योमचीच बासरी. खाली 262 कंपनं, वर 2093. पुरी तीन सप्तकं, आणि कसलेले वादक त्याहून चार सूर वर जातात.

"मग आपल्या बासरीला चाप का नाहीत?" थोरल्याचा प्रश्न रास्त आहे. चाप एक तर उघडतो, नाहीतर मिटतो. आपल्या गाण्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं असतं, त्याला मींड म्हणतात. बोट भोकावरून हळूहळू सरकवलं तर लाट वळायची जागाही हळूहळू सरकते, आणि सूर मधल्या सगळ्या जागा घेत जातो. पन्नालालजींनी एक सप्तक कमी पत्करलं, पण बोटाची कातडी आणि हवा यांच्यामध्ये काही येऊ दिलं नाही. ब्योमना सूर जास्त हवे होते, आपल्याला दोन सुरांमधली वाट हवी होती.

आता एक चकवा. मोठ्या बासरीचा मंद्र ऐकून आपण म्हणतो, काय खोल सूर आहे! आकडे बघा. पुरुष गायक काळी एकच्या आसपास गातो, त्याचा सा साधारण 139 कंपनांचा. बायका काळी चारमध्ये गातात, त्यांचा सा 208. आणि बासरीचा सगळ्यात खालचा पंचम 247! म्हणजे बासरीचा तळसुद्धा गाणाऱ्या बाईच्या षड्जाच्या वर आहे. मग तो खोल का वाटतो? सतारीच्या किंवा गळ्याच्या सुरात मूळ कंपनांसोबत दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वरच्या कंपनांची मोठी गर्दी असते, ती सुराला धार आणते. बासरीच्या खालच्या सुरात ही गर्दी बरीच विरळ. सूर गोल, भरीव येतो आणि कान त्यालाच खोली समजतो.

आता वरची हद्द. ती नळी ठरवत नाही, वाजवणारा ठरवतो.

नुसतं जोरात फुंकून वर जाता येतं हे अर्धं खरं. हवेच्या धारेला ओठांपासून काठापर्यंत जायला वेळ लागतो. सूर दुप्पट उंच हवा तर धारेनं हे अंतर निम्म्या वेळात काटलं पाहिजे. त्याचे रस्ते दोन: धारेचा वेग वाढवा किंवा अंतर कमी करा. नवशिक्या फक्त वेग वाढवतो. गाल फुगतात, डोळे मोठे होतात, सूर चढतो पण कर्कश आणि बेसूर होतो. जाणता वादक ओठांची फट बारीक करतो, ओठ काठाच्या जरा जवळ नेतो आणि कमी हवेत काम साधतो. उस्ताद माणसाचा तार षड्ज म्हणूनच इतका हळुवार लागू शकतो.

पण असं वर वर किती जाणार? ओठ काठाच्या फार जवळ नेले तर भोकच झाकलं जातं. आणि नळीतही एक घोळ होतो. लांब, सावकाश लाट उघडं भोक दिसलं की मुकाट वळते. उंच सुराची आखूड लाट मात्र ऐकत नाही, भोक ओलांडून पुढं निसटते. मग कुठलं भोक उघडं आणि कुठलं झाकलं, याला फारसा अर्थ उरत नाही. भोकं जितकी मोठी, तितकी ही बंडखोरी उशिरा सुरू होते. ब्योमचा मोठ्या भोकांचा हट्ट त्यामुळंही फळला. म्हणून वरच्या टोकाला बोटांचे हिशेब बदलतात. मधलंच एखादं भोक उघडं ठेवायचं, खालची झाकायची, म्हणजे हवेला तीन-चार तुकड्यांत थरथरायला सोपं जातं. अशा युक्त्या प्रत्येक बासरीला निराळ्या लागतात.

नळीची रुंदीही यात आली. ब्योमच्या बासरीची पोकळी 19 मिलिमीटर, आपल्या मोठ्या बासरीची साधारण 25. रुंद नळीत खालचे सूर भरघोस येतात, पण वरचे अवघड होतात. अरुंद नळीत उलटं. दोन्ही टोकं एकाच नळीत भरपूर मिळत नाहीत, म्हणून पुष्कळ वादक आलापाला मोठी बासरी घेतात आणि शेवटी धून वाजवायला छोटी उचलतात. फुंकायच्या भोकामागं नळीत बूच असतं ना, तेही चार-दोन मिलिमीटर सरकलं तर वरचं सप्तक खालच्याशी जुळेनासं होतं.

जगात या नळ्यांची दोन टोकं कुठं आहेत, सांगू? वरच्या बाजूला पिकोलो, ब्योमच्या बासरीची निम्म्या लांबीची धाकटी बहीण. ती 4186 कंपनांपर्यंत जाते, पियानोची शेवटची पट्टी तिथंच संपते. आपला कान सगळ्यात तीक्ष्ण असतो तो 2000 ते 5000 च्या पट्ट्यात, म्हणून शंभर वाद्यांच्या गलक्यातही एवढीशी पिकोलो निराळी ऐकू येते. खालच्या बाजूला चर्चमधला ऑर्गन. त्याच्या बऱ्याच नळ्या बासरीसारख्याच काठावर हवा आपटून वाजतात, फक्त फुंकायला भाता असतो. मोठ्या ऑर्गनची सगळ्यात लांब नळी 32 फुटांची, सूर सेकंदाला सुमारे 16 कंपनांचा. माणसाचा कान 20 च्या खाली सूर ओळखत नाही. तो सूर ऐकू येण्यापेक्षा छातीत आणि बाकावर जाणवतो. तिथं बोटांची किंवा फुंकरीची हद्द संपली आणि कानाची हद्द लागली. वरची कानाची हद्द 20 हजारांची, पण ती तुमच्यासारख्या पोरांची. वय वाढलं की वरचं आधी गळतं. माझ्या कानाला रातकिड्यांतले काही आता मुके झाले आहेत. बासरी मात्र पुरी ऐकू येते, तिचा सगळा संसार त्याच्या बराच खाली आहे.

आणखी एक. पुण्यात डिसेंबरमध्ये सवाई गंधर्व महोत्सव असतो, मोकळ्या मांडवात, थंडीत. तिथं बासरीवादक वाजवायच्या आधी नळीत हलकेच फुंकत बसलेला दिसेल. थंड हवेत ध्वनी सावकाश पळतो. दहा अंश उतरले की वेग सेकंदाला सुमारे सहा मीटरनं घटतो, फेऱ्या कमी होतात आणि सूर अर्ध्या सुराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा उतरतो. तंबोऱ्याच्या खुंट्या पिळता येतात, बासरीला खुंटीच नाही. म्हणून बासरीच्या मैफलीत बासरी तापवून घेतात आणि तंबोरे तिच्याशी जुळवतात.

आता तुमचं काम. जत्रेतून आणलेल्या आडव्या बासऱ्या काढा. फुंकायच्या भोकाच्या मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा आणि 17150 ला त्यानं भागा. 17150 कुठून आला? 34300 चे निम्मे, कारण लाटेला जाऊन यायचंय. मग सगळी भोकं झाकून हळू फुंका आणि आईच्या फोनवर सूर मोजायचं ॲप लावा. फोनचा आकडा तुमच्या आकड्यापेक्षा कमी येईल. घाबरू नका, गणित बिघडलेलं नाही. आता 17150 ला फोनच्या आकड्यानं भागा. येईल ती हवेची खरी लांबी. त्यातून मोजपट्टीची लांबी वजा केलीत की लाट दोन्ही टोकांना मिळून किती बाहेर डोकावते ते कळेल.

खालची हद्द अशी एका दुपारात मोजून होईल, आणि ती उद्याही तेवढीच भरेल. वरच्या हद्दीचं तसं नाही. आज कुठवर जाता तो आकडा वहीत लिहा, रोज सकाळी सूर धरा आणि महिन्यानं पुन्हा मोजा. बांबू तोच, भोकं तीच, पण आकडा वर सरकलेला असेल. ज्याचा जास्त सरकेल त्याला लाडू. फक्त दुपारी एक ते चार आजी झोपलेली असते. तेवढ्या वेळात मंद्र सप्तकाचाच रियाज, 2000 च्या वर कुणीही जायचं नाही.